आईला सिंधुदुर्गात नेलं

गेल्या वर्षी ऑगस्टात आईला घेऊन मालवणला गेले आणि जेटीवर पोचल्यावर कळलं की पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद असतात. समोर किल्ला दिसत होता, मध्ये खवळलेला समुद्र. आईनं काठावरूनच हात जोडले, बोलली काही नाही. ते मला फार लागलं. निघायच्या आधी एक फोन करायचं माझ्याकडून राहिलं होतं.

म्हणून यंदा जानेवारी धरला. आई शहात्तर वर्षांची, दोन्ही गुडघे दुखतात. आपल्या कोल्हापूरच्या स्टँडवरून मालवणची एसटी घेतली. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत आहे आणि बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे तिला शून्य आणि मला अर्धं. आधार कार्ड मात्र हातातल्या पिशवीत ठेवा, बॅगेच्या तळाशी नको. राधानगरी, दाजीपूर, मग फोंडा घाट. वळणांवर तिला मळमळतं, म्हणून पुढची सीट धरली आणि आवळासुपारी दिली. कणकवली, कसाल करत मालवणला पोचायला दुपार झाली.

त्या दिवशी किल्ल्यात गेलोच नाही. दुपारनंतर वारा वाढतो, होडी जास्त हलते. मुक्काम केला, लवकर जेवून झोपलो आणि सकाळी रिक्षानं जेटीवर.

होडीचा प्रवास जेमतेम पंधरा मिनिटांचा. खरी परीक्षा चढण्या-उतरण्याची. होडी जेटीला लागलेली असली तरी लाटेबरोबर वर-खाली होत राहते. आईनं एक पाय उचलला आणि तशीच थांबली. माझा दंड इतका घट्ट धरला की बोटं रुतली. होडीवाल्यानं आतून दोन्ही हात पुढं केले, "आजी, भियाव नको, मी आसय." लाट होडी वर घेऊन येईपर्यंत तो थांबला, मग "आता" म्हणाला. आई आत! गुडघेदुखीच्या माणसाला नेणार असाल तर एवढंच लक्षात ठेवा: घाई करू नका, होडी वर आली की पाय टाका. लाइफ जॅकेट आणि दोन्ही बाजूंनी आधार हवाच.

किल्ल्याजवळ गेलं तरी दरवाजा दिसत नाही, तटाच्या वळणात लपलेला आहे. महाराजांनी 1664 मध्ये कुरटे बेटावर हे काम सुरू केलं. दरवाजाच्या आत वर बघा, चुन्यात उमटलेला महाराजांचा हात म्हणून दाखवतात. आईनं तिथंच डोकं टेकवलं.

मग सावकाश, दर पाच मिनिटांनी बसत, शिवराजेश्वराच्या, म्हणजे शिवाजी महाराजांच्याच, देवळापर्यंत गेलो. हे देऊळ त्यांचे पुत्र राजाराम महाराजांनी बांधलं, पुढचा सभामंडप आपल्या कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा. हा किल्ला पुढे कोल्हापूरच्या गादीकडे होता आणि 1812 साली मालवण इंग्रजांना द्यावं लागलं. म्हणजे आपल्या गावचं नातं इथं जुनं आहे, आणि आईला ते चांगलं माहीत होतं. मूर्तीसमोर ती खूप वेळ बसली. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी बघितल्या, चहूबाजूंनी खारं पाणी आणि आत गोडं. तटावर चढायचं मात्र आम्ही सोडून दिलं. तिथल्या पायऱ्या तिच्यासाठी नाहीत.

होडीवाले साधारण तासाभराचा वेळ देतात. म्हाताऱ्या माणसाला तो पुरत नाही. उतरतानाच मी विचारून ठेवलं होतं, "दादा, आम्ही पुढच्या फेरीला आलो तर चालेल का?" तो हो म्हणाला, म्हणून देवळात घाई झाली नाही.

परतताना होडी लागली तेव्हा तोच होडीवाला होता. त्यानं हात पुढं करायच्या आत आईनंच आपला हात दिला, आणि लाट वर यायची वाट बघत शांत उभी राहिली.