पाच दिवस, चार बाटल्या

मिरजेतल्या एका हॉस्पिटलच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये मला १९ वर्षं झाली. वॉर्डातून फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला, "अँटीबायोटिक सुरू केलं का?" सिस्टर लोक माझी नक्कल करतात, हे मला माहीत आहे.

करू देत. ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू बाटलीत वाढवून ओळखायची चाचणी, एका गोष्टीवर उभी आहे: रक्तातला जंतू बाटलीत जिवंत पडला पाहिजे. मोठ्या माणसाला सेप्सिस झाला, म्हणजे संसर्गाने जिवावर बेतलं, तरी एक मिलिलिटर रक्तात कधीकधी एखादाच जंतू असतो, कधी तोही नसतो. म्हणून एका बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त मागतो. वॉर्डातून तीन मिलिलिटर येतं आणि वर "पेशंटला आधीच अशक्तपणा आहे हो मॅडम" हे ऐकायला मिळतं.

बाटल्या चार. दोन हातांतून दोन सेट, प्रत्येकात एक हवेवर वाढणाऱ्या जंतूंसाठी आणि एक हवा न सोसणाऱ्यांसाठी. बाटलीचं टोपण उडवलं म्हणजे आतलं रबर निर्जंतुक असतं असं पुष्कळांना वाटतं. ते नसतं, स्पिरिटने पुसावं लागतं. कातडीला क्लोरहेक्सिडिन चोळायचं आणि वाळेपर्यंत थांबायचं, फुंकर मारायची नाही. पुसल्यावर शीर पुन्हा बोटाने चाचपली की सगळं पाण्यात. आणि बाटल्या फ्रिजमध्ये ठेवायच्या नाहीत! एकदा नव्या वॉर्डबॉयने त्या इन्सुलिनशेजारी रात्रभर नीट लावून ठेवल्या होत्या. सकाळी कौतुकाच्या अपेक्षेने उभा होता बिचारा.

आमचं मशीनही दिसायला फ्रिजसारखंच, फक्त आत शरीराइतकी ऊब. जंतू वाढले की कार्बन डायऑक्साइड सुटतो, बाटलीच्या बुडाचा हिरवट सेन्सर पिवळा पडतो आणि मशीन वाजतं. मागच्या उन्हाळ्यात पहाटे पावणेतीनला असंच वाजलं. डायलिसिसच्या पेशंटचं रक्त, बाटली ठेवून तेरा तास झालेले. थेंब काचेवर घेतला, ग्रॅम स्टेन करून जंतूंना रंग दिला, लेन्सखाली बघितलं तर जांभळे घोस. स्टॅफिलोकोकस हे नावच ग्रीकमधल्या द्राक्षाच्या घडावरून आलंय. तासगावकडच्या पोरीला तो घड ओळखायला शिकवावा लागत नाही. पण हा खरा गुन्हेगार की कातडीवरचा निरुपद्रवी भाऊबंद, हे स्लाइड सांगत नाही. एकच बाटली वाजली असती तर कातडीवर संशय घेतला असता. अर्ध्या तासात दुसऱ्या हाताचीही वाजली. आयसीयूला फोन केला, डॉक्टरांनी औषध बदललं, डायलिसिसची नळी काढली. कुठलं औषध नक्की लागू पडतं तो रिपोर्ट दोन दिवसांनी गेला, पण अर्धं काम त्या फोननेच झालं होतं.

आता जे लिहायचं टाळत होते ते.

ऑक्टोबरात, छाटणीच्या गडबडीत, रविवारी रात्री धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, अण्णांना हुडहुडी भरलीय. दोन गोधड्या घातल्या तरी कापायला लागलेत." अण्णा म्हणजे आमचे वडील, ७४ वर्षांचे. थंडी वाजून आलेला ताप, म्हातारं माणूस. दुसऱ्या कुणाचा फोन असता तर मी म्हटलं असतं, गाडी काढ आणि आधी कल्चर. भावाने विचारलं, "माझ्या घशाच्या वेळची सेफिक्झिम अँटीबायोटिकची एक अख्खी स्ट्रिप पडलीय, देऊ का?" मी दिवसभराची दमलेली. म्हटलं, "दे, सकाळ-संध्याकाळ."

मंगळवारी रात्रीपर्यंत पाच गोळ्या पोटात गेल्या. ताप जरा उतरला, बुधवारी दुप्पट चढला आणि अण्णा असंबद्ध बोलायला लागले. हॉस्पिटलात आणल्यावर रक्त मीच काढलं. दोन्ही हात, चार बाटल्या, रेषेपर्यंत भरलेल्या. आमच्या बाटल्यांत अँटीबायोटिक शोषून घेणारे बारीक मणी असतात, त्यांच्यावर भिस्त ठेवली. एकीकडे कुणीतरी म्हणालंच, "विडाल करून टाका ना." विडाल ही १८९६ सालची चाचणी, आणि एकदाच केलेल्या विडालवरून टायफॉइडचं निदान करणं म्हणजे अंगणातल्या चपला मोजून घरात कोण आहे ते सांगणं. नाही केली.

गुरुवार. शुक्रवार. येता-जाता मी त्या चार खणांकडे बघत होते. सगळी बुडं हिरवी.

जंतूचं नावच कळेना, तेव्हा डॉक्टरांना सगळीकडे शोधावं लागलं. लघवीचं कल्चर स्वच्छ, सोनोग्राफीत यकृतात गळू नाही, इकोमध्ये हृदयाच्या झडपांवर काही नाही. दोन तगडी इंजेक्शनं चौदा दिवस चालली, त्यातलं एक किडनीला जड म्हणून दर दोन दिवसांनी क्रिएटिनिन. जंतू सापडला असता तर कदाचित एकावरच, साध्यावर, भागलं असतं. कदाचित गोळ्या दिल्या नसत्या तरी बाटल्या हिरव्याच राहिल्या असत्या. हे आता कुठलंही मशीन सांगणार नाही.

सोमवारी 'पाच दिवसांनंतर जंतूंची वाढ नाही' हा रिपोर्ट मीच टाइप केला. फॉर्मवर रकाना असतो, नमुन्याआधी अँटीबायोटिक दिलं का. तिथे 'हो' लिहिलं.

अण्णा बरे झाले, बागेत फेऱ्या मारतात. दिवाळीनंतर धाकट्याचा फोन, "ताई, त्या स्ट्रिपमधल्या पाच गोळ्या उरल्यात. ठेवू का असू दे म्हणून?"

"माझ्याकडे घेऊन ये," म्हटलं.