गाऊन राहू दे, आधी पार्टलेट शिवा

रेनेसाँचा, म्हणजे सोळाव्या शतकाच्या सुमाराच्या युरोपातला कॉस्च्युम करायचा म्हटलं की सगळ्यांचा जीव गाऊनमध्ये अडकलेला असतो, ब्रोकेड कुठे मिळेल, बाह्या कशा बेतायच्या, घेर किती ठेवायचा, आणि या सगळ्यात गळा तसाच उघडा राहून जातो. इथे टेक्सास रेनेसाँ फेस्टिव्हलला (ह्यूस्टनहून गाडीने तासाभरावर आहे, 1974 पासून दर शरद ऋतूत भरतं) इतके सुंदर गाऊन दिसतात, पण दहातल्या नऊ जणींच्या गळ्यात काहीच नसतं. मला मनापासून वाटतं की सोळाव्या शतकातली बाई दिसायचं असेल तर आधी पार्टलेट शिवा, गाऊन अगदी साधा असला तरी चालेल.

पार्टलेट म्हणजे खांदे, छातीचा वरचा भाग आणि पाठीचा थोडा भाग झाकणारा बिनबाह्यांचा छोटा कपडा. त्या काळातल्या गाऊनचा गळा चौकोनी आणि खोल असायचा, तो याने भरून निघतो. समोरून उघडा, दोन्ही बाजूंनी पण उघडा, काखेखाली नाड्या बांधायच्या किंवा टाचण्या लावायच्या की झालं. कधी गाऊनच्या आत घालायचा, कधी वरून. वरती उभी कॉलर, आणि हौस असेल तर कॉलरला बारीक चुण्यांची झालर.

आणि हे फक्त शोभेचं नव्हतं. रेशमी किंवा लोकरीचा गाऊन पाण्यात घालून धुवायची सोयच नव्हती, त्यामुळे घाम, मळ, तेल सगळं अंगालगतच्या लिननने झेलायचं आणि तेच लिनन पुन्हा पुन्हा धुवायचं. मानेपाशी कपडा सगळ्यात आधी खराब होतो हे कोणाला सांगायला नको. शिवाय ऊन. ऑक्टोबरच्या टेक्सासच्या उन्हात दिवसभर हिंडायचं तर मानेवर पातळ लिनन असणं किती सुखाचं असतं ते घालून बघितल्यावरच कळेल.

श्रीमंतांची तर गोष्टच वेगळी. ब्रॉन्झिनो या चित्रकाराने 1545 च्या सुमारास काढलेलं फ्लॉरेन्सच्या डचेसचं, एलेओनोरा दि तोलेदोचं चित्र नक्की बघा, फ्लॉरेन्सच्या उफिझी म्युझियममध्ये आहे, शेजारी तिचा छोटा मुलगा उभा आहे. सगळे तिच्या गाऊनच्या कापडाबद्दल बोलतात, आणि कापड आहेच तसं, पण मी त्या चित्रात सगळ्यात जास्त वेळ तिच्या खांद्यांकडे बघत बसते. सोनेरी जाळीचं पार्टलेट, जाळीच्या गाठींवर मोती, आणि केसांवरची जाळी पण त्याच्याशी जुळणारी. खूप वर्षं लोकांना वाटायचं की तिला याच गाऊनमध्ये पुरलं, पण 1562 मध्ये ती गेली तेव्हा अंगावर होता तो गाऊन वेगळाच निघाला, सॅटिनचा, मखमलीच्या पट्ट्या लावलेला, आणि तो आजही फ्लॉरेन्सच्याच पिट्टी पॅलेसमध्ये जपून ठेवलाय.

दुसऱ्या टोकाला फ्लेमिश, म्हणजे आजच्या बेल्जियमकडच्या बाजारातल्या कष्टकरी बायका. आर्टसेन आणि ब्यूकेलार या चित्रकारांच्या चित्रांमध्ये भाज्या, मासे, कोंबड्या विकणाऱ्या बायका असतात, त्यांच्या खांद्यांवर साधं काळं पार्टलेट, आतून पांढऱ्या लिननची कड डोकावतेय, बाह्या वर सरकवलेल्या. राणीसारख्या बाईच्या अंगावर आणि कोबी विकणारीच्या अंगावर एकाच घाटाचा कपडा, हे मला फार आवडतं.

मी सुरुवातीला पांढरं लिननचं शिवलं, रुमालाला वापरतात तसलं बारीक. कापड आधी गरम पाण्यात धुवून घ्या, लिनन चांगलंच आटतं. मग सरळ कापायचं, पण खडूने रेघ मारून नाही. काठाजवळचा एक धागा सुईच्या टोकाने उचलायचा आणि चिमटीत धरून हळूहळू ओढायचा, कापड त्या ओळीवर गोळा होत जातं, ते बोटाने मागे सारत सारत पुढे जायचं, मध्येच धागा तुटला तर तिथून परत उचलायचा. धागा पूर्ण निघाला की कापडात एक नाजूक पारदर्शक रेघ उरते आणि कात्री त्या रेघेवरून चालवायची. याच्यापेक्षा सरळ कापणं होत नाही. कॉलरची आणि झालरीची पट्टी अशीच काढायची कारण ती जराही तिरकी गेली तर चुण्या एका बाजूला कलतात.

बाकी बेतायचं म्हणाल तर तीनच तुकडे, पाठ एक आणि पुढचे दोन, खांद्यावर जोडायचे. आधी मांजरपाटावर करून बघा. गळ्याचा गोल लहानच कापा, अंगावर घालून थोडा थोडा वाढवत न्या, कापलेला गळा मोठा करता येतो, लहान करता येत नाही. लांबी मात्र सढळ हाताने ठेवा, गाऊनच्या गळ्याच्या खाली चांगलं आठ-दहा सेंटीमीटर आत जायला हवं, नाहीतर हात वर केला की बाहेर येतं. खांद्याच्या शिवणीला माया जास्त सोडा म्हणजे ती दुमडून आत दाबता येते आणि आतून सुद्धा एकही कच्ची कड दिसत नाही.

हे सगळं हाताने शिवा असंच मी सांगेन. मशीनची टीप एवढ्या पातळ लिननवर ताठ बसते आणि कापडाचा मऊपणाच जातो. दोरा मेणावरून ओढून घ्या, गुंता होत नाही आणि टाका घट्ट बसतो. व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, "अगं, एवढ्याशा कापडाला किती वेळ घालवशील?" पण कडेची दुमड कॅमेऱ्यासमोर धरली तेव्हा तिनेच विचारलं की टाका उजव्या बाजूला दिसत कसा नाही! धावदोरा तिनेच शिकवलेला, त्यामुळे तिचं ते विचारणं मला फार मोठं वाटलं.

आता झालर. पट्टी कॉलरच्या साधारण तिप्पट घ्यायची, मान 36 सेंटीमीटर असेल तर 110 च्या आसपास, कड अगदी बारीक गुंडाळून शिवायची. मग पेन्सिलीने पाच-पाच मिलिमीटरवर ठिपके, दोन ओळींमध्ये, बरोबर एकाखाली एक. त्या ठिपक्यांवरून दोन धावदोरे घालून दोन्ही दोरे एकदम ओढले की चुण्या आपोआप उभ्या राहतात, सगळ्या सारख्या. त्यानंतर एक एक चुणी कॉलरच्या कडेला वेगळ्या टाक्याने पकडायची, आधी एका बाजूने, मग उलटून दुसऱ्या बाजूने. वेळ लागतो, पण घाई करू नका, सगळं सौंदर्य इथेच आहे.

भरतकाम करायचं असेल तर काळ्या रेशमाने, धागे मोजून. होल्बाइन या चित्रकाराने 1536 च्या सुमारास काढलेल्या इंग्लंडच्या राणीच्या, जेन सीमोरच्या चित्रात कफांवर असलं काम दिसतं, म्हणून त्या टाक्याला होल्बाइन टाका म्हणतात. एक धावदोरा जायचा आणि परत येताना मधल्या मोकळ्या जागा भरायच्या, त्यामुळे उलटसुलट दोन्ही बाजू सारख्या दिसतात, आणि झालरीच्या दोन्ही बाजू दिसतातच, म्हणजे तिथे हाच टाका हवा.

झालर उभी राहायला खळ लागते. इंग्लंडमध्ये ही कला फ्लँडर्सहून आली, 1564 मध्ये डिंघेन व्हान डेर प्लासे नावाची बाई लंडनला आली आणि खळ घालायला शिकवण्याचे चार-पाच पौंड घ्यायची, त्या काळात ही रक्कम काय असेल विचार करा. मी कॉर्नस्टार्चची पातळ खळ करते, आई सुती साड्यांना करायची तशीच, आणि अर्धवट ओलं असतानाच चुण्या बोटांनी सारख्या करून घेते.

घालताना क्रम लक्षात ठेवा, आधी शर्टासारखा आतला स्मॉक, मग पार्टलेट, काखेतल्या नाड्या बांधून घ्यायच्या, आणि मग वरून गाऊन, नाहीतर नंतर काखेत हात पोचत नाही. पुढचं मी त्या बाजारातल्या बायकांसारखं काळं करणार आहे, बारीक लोकरीचं, लिननच्या अस्तराचं, झालर नाही, समोर फक्त टाचण्या.