भिंतीवर फिरणारं चित्र: सांधा, पडदा आणि जपणूक

भिंतीवरच्या पडद्यासाठी हलत्या चित्राचा लूप, म्हणजे संपताच पुन्हा सुरू होणारी छोटी फिल्म, बनवताना पहिली परीक्षा सांध्याची. शेवटची फ्रेम संपून पहिली येते तिथे नजर अडखळली, की बाकीची मेहनत वाया गेली. फोनवर माणूस दोन फेऱ्या बघून पुढे सरकतो. दिवाणखान्यातल्या पडद्यावर २० सेकंदांचा लूप तासाला १८० वेळा फिरतो, आणि तो धक्का एकदा दिसला की मग तेवढाच दिसत राहतो.

केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ मध्ये सुरू केलेलं, कोड लिहून चित्र काढायचं साधन प्रोसेसिंग किंवा त्याचं ब्राउझरमधलं भावंड पी५.जेएस, दोन्ही फुकट आहेत आणि या कामाला पुरतात. सांधा न दिसण्याची युक्ती अशी: नॉइजमधून (हळूहळू, सलग बदलणारे यादृच्छिक आकडे देणारं फंक्शन) सरळ रेषेत पुढे जायचं नाही, वर्तुळावर फिरायचं. २० सेकंद, सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे ६०० फ्रेम. फ्रेमचा क्रमांक भागिले ६००, गुणिले दोन पाय (२π), हा झाला कोन. त्याचा कोसाइन आणि साइन त्रिज्येने गुणून नॉइजला द्यायचे. फेरी पूर्ण झाली की आपण जिथून निघालो तिथेच येतो, त्यामुळे सांधा उरतच नाही. त्रिज्या ०.५ च्या आसपास ठेवली की हालचाल संथ राहते. वाढवली की चित्र धावायला लागतं.

इथे तीन चुका हमखास होतात. एक, वर्तुळाचा मध्य शून्यावर ठेवणं. प्रोसेसिंग आणि पी५.जेएस या दोन्हींतला नॉइज उणे आकड्यांना अधिक समजूनच वाचतो, त्यामुळे अर्धी हालचाल उलटी परत येते आणि चित्र झोका घेतल्यासारखं दिसतं. मध्य १००, १०० वर सरकवला की प्रश्न मिटतो. दुसरी चूक ६०० ऐवजी ५९९ ने भागण्याची. मग शेवटची फ्रेम पहिलीसारखीच येते आणि दर फेरीला एक फ्रेम थबकते. तिसरी, हालचाल घड्याळाच्या मिलिसेकंदांवर बांधणं. फ्रेम डिस्कवर लिहिताना संगणक मंदावतो आणि सगळी गती बिघडते. म्हणून हिशेब कायम फ्रेमच्या क्रमांकाचा.

कणांचा धूर, थवे, पाणी यांना ही युक्ती लागू पडत नाही, कारण प्रत्येक फ्रेम आधीच्या फ्रेमवर उभी असते. तिथे सुरुवातीचे दहा सेकंद टाकून द्यायचे, पुढे ६६० फ्रेम काढायच्या आणि शेवटच्या ६० फ्रेम पहिल्या ६० वर विरघळवायच्या. धूर आणि ढग यात बेमालूम मिसळतात. ठळक ठिपके मात्र दोन सेकंद दुहेरी दिसतात, त्यांच्यासाठी हा मार्ग घेऊ नये.

फ्रेम रेट ठरवताना आपल्याकडे एक जुनी सवय आड येते. टीव्हीच्या जुन्या पाल प्रसारण पद्धतीमुळे सेकंदाला २५ फ्रेम हा आकडा हातात बसलेला आहे. पण आजचे मॉनिटर आणि बहुतेक पॅनेल ६० हर्ट्झवर चालतात. ६० ला २५ ने भाग जात नाही, म्हणून काही फ्रेम दोनदा तर काही तीनदा दिसतात आणि संथ सरकणारी रेघ थरथरत जाते. ३० किंवा ६० घ्यावं.

रंगांचं दुखणं वेगळं. काळ्यातून निळ्यात जाणारी छटा ८ बिटमध्ये पट्ट्या दाखवते. रेंडर करतानाच बारीक दाणा मिसळला की पट्ट्या फुटतात. १० बिट एचईव्हीसी (एच.२६४ नंतरची व्हिडिओ आवळायची पद्धत) त्याहून बरं, फक्त प्लेअरला ते झेपलं पाहिजे. दुसरं म्हणजे, नेहमीच्या ४:२:० व्हिडिओत रंगाची माहिती उभी-आडवी निम्मीच साठते. काळ्यावर एका पिक्सेलची लाल रेघ म्हणूनच मळकट दिसते. रेघ तीन पिक्सेलची करावी किंवा रंग उजळ घ्यावा. फाइल बनवायला एफएफएमपेग हे फुकट साधन, कोडेक (आवळायची पद्धत) एच.२६४, सीआरएफ (दर्जाचा आकडा, कमी तितका चांगला) १६ च्या आसपास, रुंदी-उंची सम आकड्यांत.

पडदा घ्यायला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाताना पेन ड्राइव्हवर आपलीच फाइल न्यावी: एक गडद छटा, एक सावकाश सरकणारी बारीक रेघ. दुकानातला डेमो व्हिडिओ प्रत्येक टीव्हीला देखणा बनवतो, त्यावरून काही कळत नाही. पडदा उभा लावायचा असेल तर आयपीएस पॅनेल बघावं. व्हीए पॅनेलचा काळा खोल असतो, पण बाजूने पाहिलं की रंग फिकटतात. उभं लावणं कंपनीला मान्य आहे का, हे मॅन्युअलमध्ये वाचावं, कारण उष्णता बाहेर जायच्या झरोक्यांची जागा बदलते. चित्रात एखादा आकार एकाच जागी स्थिर राहणार असेल तर ओलेड टाळावा, त्याचा डाग बसतो.

टीव्ही घरी आला की आधी सेटिंग. मोशन स्मूदिंग (मधल्या फ्रेम टीव्हीने स्वतः बनवणं) बंद, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद, शार्पनेस शून्याजवळ (काही टीव्हींत तटस्थ आकडा शून्य नसतो, तो बघून), चित्राच्या कडा कापणारं ओव्हरस्कॅन बंद. काळा रंग राखाडी दिसत असेल तर प्लेअर आणि टीव्ही यांची एचडीएमआय रेंज (काळ्या-पांढऱ्याची मर्यादा) जुळत नाही, फाइलला दोष देऊ नये. बरेच टीव्ही चार तास रिमोटला हात लागला नाही तर आपोआप बंद होतात, तेही मेन्यूतून काढावं.

चालवायची सगळ्यात सोपी सोय म्हणजे टीव्हीतच लावलेला पेन ड्राइव्ह. पण टीव्हीचा प्लेअर प्रत्येक फेरीनंतर क्षणभर काळा होतो आणि जपून बनवलेला सांधा तिथेच फुटतो. उपाय: २० सेकंदांची फाइल एफएफएमपेगने, पुन्हा एन्कोड न करता, ९० वेळा जोडायची. अर्ध्या तासाची एक फाइल होते. १५ एमबीपीएसला ती सुमारे ३.४ जीबी भरते, म्हणजे फॅट३२ च्या ४ जीबी मर्यादेत बसते. रास्पबेरी पाय हा छोटा संगणक वापरला तर त्यावरचा एमपीव्ही प्लेअर लूपवर ठेवावा. उभ्या पडद्यासाठी चित्र फाइलमध्येच आडवं फिरवून ठेवावं, पायला दर फ्रेम फिरवायला लावू नये. पाय ४ वर ४के चालवायचं तर फाइल एचईव्हीसीच हवी, एच.२६४ चा त्याचा हार्डवेअर डिकोडर १०८०पी पर्यंतच आहे. मेन स्विच थेट बंद करायची सवय घरोघरी असते, त्याने एसडी कार्ड खराब होतं, म्हणून ओव्हरले फाइल सिस्टीम चालू करून कार्डावरचं लिखाण थांबवावं. बंद शोकेसमध्ये पाय कोंडू नये. ८० अंशांना तो स्वतःच मंदावतो आणि फ्रेम गळायला लागतात.

मुंबईत जागा निवडताना पावसाळा डोळ्यांसमोर ठेवावा. इमारतीच्या बाहेरच्या अंगाची, त्यातही पश्चिमेची भिंत जुलैत ओल धरते. पडदा आतल्या भिंतीवर, मागे हवा खेळेल इतकं अंतर सोडून. समुद्राजवळच्या घरांत खारी हवा एचडीएमआयच्या पिनांवर चढते. चित्र अधूनमधून जात असेल तर पहिल्यांदा केबल बदलून बघावी.

आता संग्रह, म्हणजे असं काम विकत घेऊन जपणं. चित्रकार अकबर पदमसी यांनी १९६९ मध्ये मुंबईत व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप ही कलाकारांची प्रयोगशाळा सुरू केली. त्या काळातली त्यांची ‘सिझिजी’ ही रेषांची अ‍ॅनिमेशन फिल्म आजही बघता येते. ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ची मात्र एकच प्रिंट होती आणि ती हरवली. डिजिटल कामाचंही असंच होतं, फक्त अधिक गुपचूप. एनएफटीच्या टोकनमध्ये (ब्लॉकचेनवरची मालकीची नोंद) बहुधा चित्र नसतंच, चित्राचा पत्ता असतो. आयपीएफएस या अनेक संगणकांत वाटलेल्या साठ्यावरची फाइल कुणीतरी पिन करून, म्हणजे मुद्दाम राखून, ठेवली तरच टिकते. हिक एट नुंक हे एनएफटी विकणारं संकेतस्थळ नोव्हेंबर २०२१ मध्ये बंद पडलं. फाइल आयपीएफएसवर आणि नोंदी टेझोस या ब्लॉकचेनवर होत्या म्हणून इतरांना त्याची प्रतिरूपं उभी करता आली. टोकन विकताना नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे आणि त्यातला तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा होत नाही, हेही घेण्याआधी माहीत असावं.

विकत घेताना कलाकाराकडून चार गोष्टी मागाव्यात: प्रोरेस (दर्जा राखणारा व्हिडिओ प्रकार) किंवा पीएनजी फ्रेमचा मास्टर, म्हणजे मूळ प्रत, दाखवायची फाइल, आवृत्ती किती प्रतींची आणि आपली कितवी याचा सही केलेला कागद, आणि मांडणीचं टिपण, म्हणजे पडदा उभा की आडवा, किमान किती इंची, आवाज आहे का. काम कोडचं असेल तर कोड, फाँट आणि लायब्ररीची तीच आवृत्ती आपल्या डिस्कवर हवी. पी५.जेएसच्या २.० मध्ये प्रीलोड (स्केच सुरू होण्याआधी फाइल आणणारं फंक्शन) काढून टाकलं. ‘नवीनतम’ आवृत्तीच्या दुव्यावर विसंबलेलं जुनं स्केच तिथेच बंद पडतं.

प्रती तीन: दोन हार्ड डिस्कवर, त्यातली एक दुसऱ्या घरी, आणि एक क्लाउडवर. कपाटात पडून राहणाऱ्या प्रतीसाठी एसएसडी नको, वीज न मिळता वर्षानुवर्षं राहिली तर तिच्यातला चार्ज झिरपतो. डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावी. प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ चेकसम (फाइल जरा बदलली तरी बदलणारा तिचा ठसा) सुरुवातीलाच काढून वेगळा लिहून ठेवावा, आणि वर्षातून दोनदा, पाऊस सुरू होण्याआधी आणि दिवाळीनंतर, डिस्क जोडून तो ताडून बघावा. जुळला नाही तर त्याच दिवशी दुसऱ्या प्रतीवरून फाइल घ्यावी आणि डिस्क बदलावी.