स्टार्ट बटण

गोव्यात फोंड्याच्या बाजारात दुपारी दीड वाजता एचडीएमआय केबल मिळेल, असा विश्वास फक्त पुण्याहून आलेल्या पाहुण्यालाच असू शकतो. आमच्याकडे आलेल्याला तो होता. बाजारात शटरं ओळीने खाली. "चारला उघडतील," मी म्हटलं. "म्हणजे यांना धंदा करायचा नाही का?" त्याने विचारलं. काय सांगणार? माशांची कढी आणि भात जेवलेल्या माणसाला दुपारी धंदा करायचा नसतो.

मला त्या शटरांचा राग येत नाही. जे मध्येच थांबवता येतं तेच चांगलं, असं माझं जुनं मत आहे. सॉफ्टवेअर असो वा गेम, मी आधी एवढंच बघतो: याला पॉज आहे का? ग्राफिक्स नंतर.

हे मत दादामुळे झालं. आमच्या घरी टीव्हीला जोडायची व्हिडिओ गेम होती, निन्टेन्डो कंपनीच्या फॅमिकॉम या गेमयंत्राची नक्कल. तिच्या पिवळ्या कॅसेटवर 'नव्व्याण्णव लाख गेम्स' असं छापलेलं, आत खरे पाचसहाच. मूळचा फॅमिकॉम 1983 साली जपानात आला. त्याच्या दुसऱ्या पॅडला, म्हणजे दुसऱ्या खेळाडूने हातात धरायच्या बटणांच्या पट्टीला, स्टार्ट (खेळ थांबवायचं बटणही हेच) आणि सिलेक्ट नव्हतेच, त्याऐवजी चक्क मायक्रोफोन होता. आमच्या नकलेत मायक्रोफोनही गेला आणि बटणंही आली नाहीत. पहिलं पॅड अर्थातच दादाचं. थांबायचं कधी, हे तो ठरवणार.

कॉन्ट्रा हा दोघांनी मिळून खेळायचा गोळीबाराचा गेम खेळलेल्यांना तो धबधबा आठवत असेल. वर वर उड्या मारत चढायचं. जो पुढे जाईल त्याच्याबरोबर पडदा वर सरकतो आणि मागे राहिलेला पडद्याखाली गेला की मेला. त्याला शत्रूची गोळीही लागावी लागत नाही. दादा मागे वळून न बघता चढायचा. मी खालून "थांब रे, थांब रे" म्हणायचो, हातातल्या पॅडवर दाबण्याजोगं काही नसायचं. तीस जीव मिळवायचा तो मंत्र, वर-वर-खाली-खाली-डावं-उजवं-डावं-उजवं-बी-ए, तोही त्याच्याच पॅडवरून म्हणायचा. माझे तीसही त्या धबधब्यातच वाहून जायचे.

पण जेवायची हाक आली की दादा देवमाणूस. कॅसेटमध्ये सेव्ह नव्हतं, त्यामुळे बंद केलं की सगळं पहिल्यापासून. म्हणून तो स्टार्ट दाबायचा, टीव्हीचा आवाज शून्यावर आणायचा आणि आजीला उजेड दिसू नये म्हणून पडद्यावर टॉवेल टाकायचा. दुपारभर घर झोपलेलं, टॉवेलाआड मारिओ उडी अर्धवट सोडून हवेत. अडॅप्टरला हात लावला तर चटका बसायचा. चार-साडेचारला पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंपू वाजला की आई उठायची, पोयांसाठी पैसे शोधायची, आणि मारिओ एकदाचा खाली यायचा. पावसाळ्यात मधेच वीज गेली तर मात्र दोघंही कोणाशी बोलायचो नाही.

तेव्हापासून ही खोड जडली. व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर मला आवडतो तो कुठलीही फाइल उघडतो म्हणून, आणि त्याहून जास्त स्पेसबार दाबला की थांबतो म्हणून. 1990 च्या विंडोज 3.0 बरोबर आलेला सॉलिटेअर तर माझ्या मते सज्जनांचा सज्जन. पत्ते मांडून ठेवा आणि चार दिवसांनी या, तो 'कुठे होतात?' म्हणून विचारत नाही. विंडोज 10 च्या होम आवृत्तीत 2019 पासून अपडेट 35 दिवसांपर्यंत लांबवता येऊ लागले. मी पस्तीसही दिवस घेतो, हक्काची रजा घ्यावी तसे. आणि 2011 चा तो डार्क सोल्स नावाचा गेम, ज्याचं जाणकार एवढं कौतुक करतात? त्याला पॉजच नाही. एकट्याने, इंटरनेटशिवाय खेळत असलात तरी नाही. मेन्यू उघडा, मागे राक्षस चालून येतच असतो. असेल मोठी कलाकृती, पण दारात पोदेर आला तर माणसाने करायचं काय?

दादा आता आखातात असतो. रविवारी आम्ही ऑनलाइन खेळतो. तिथेही पॉज नाही, पण ते मला पटतं: एकाने थांबवलं तर अनोळखी पन्नास जणांचा खेळ थांबेल, आणि तेवढा अधिकार मी दादालासुद्धा देणार नाही. परवा ऐन चकमकीत वहिनीने हाक मारली. तो "एक मिनिट, एक मिनिट" करत उठला आणि परत येईपर्यंत मेलेला. मी खूप हसलो. मग दुसऱ्या पॅडचा विषय काढला.

तर म्हणतो, "बटण होतं की त्याला. तुलाच कधी सापडलं नाही."

खोका माळ्यावर असेल अजून. उतरवून बघायला हवा एकदा. बघू.