४३३ मेगाहर्ट्झचा रिमोट, भिंतीवरचं बटण आणि पंखा : दुसरा टप्पा

हॉल, आजीची खोली आणि मागच्या दाराबाहेरचा दिवा एवढं आता रिमोटवर आलंय, पंख्यांसकट. पहिल्या टप्प्यात सगळं टेबलावर होतं, आता भिंतीत आहे आणि घरातले रोज वापरतायत, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, कारण यातल्या निम्म्या गोष्टी टेबलावर कळतच नाहीत.

मी सुरुवातीपासून एकच अट धरलीय की भिंतीवरचं बटण आधीसारखंच चाललं पाहिजे. वायफाय गेलं, ईएसपी (वायफायवाला छोटा कंट्रोलर) हँग झाला, रिमोटचा सेल संपला, काहीही झालं तरी बटण दाबलं की दिवा लागला पाहिजे. बरेच जण बोर्डावरचं बटण ईएसपीच्या इनपुटला जोडतात आणि दिवा फक्त रिलेवर (कंट्रोलरने चालणारा स्विच) ठेवतात, जोडायला ते सोपंच आहे, पण मग कंट्रोलर अडकला की अख्खी खोली अंधारात आणि घरात आपण नसलो तर बाकीच्यांनी काय करायचं? मला हे अजिबात पटत नाही. म्हणून मी दिव्यांना जिन्याच्या दिव्यासारखं टू-वे वायरिंग केलं. साधं वन-वे बटण काढून टू-वे बसवलं, त्याच्या कॉमनला फेज, बाकीच्या दोन टोकांवरून दोन वायरी रिलेच्या एनओ आणि एनसीला (रिले सुटलेला असताना अनुक्रमे तुटलेलं आणि जोडलेलं टोक), आणि रिलेचा कॉमन दिव्याला. झालं, आता बटण आणि रिले कुठूनही दिवा पालटता येतो आणि ईएसपी मेला तरी बटण काम करतं.

यात एक मोठी गोष्ट सांभाळावी लागते. रिले ओढलेला आहे म्हणजे दिवा चालू आहे असं आता म्हणता येत नाही, ते बटण कुठल्या बाजूला आहे त्यावर ठरतं. म्हणून दिव्याकडे जाणाऱ्या वायरवर पीसी८१७ ऑप्टोकपलर (आतल्या एलईडीच्या प्रकाशाने सिग्नल देणारी, २३० व्होल्ट ईएसपीपासून वेगळे ठेवणारी चिप) लावून खरंच २३० व्होल्ट येतायत का ते ईएसपीला कळवलं. प्रत्येकी ४७ किलोओहमचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये आणि ऑप्टोच्या एलईडीला उलटा १एन४००७ डायोड, एवढंच. आउटपुटला ५० हर्ट्झचे पल्स येतात, ते आले तर चालू, थोडा वेळ आलेच नाहीत तर बंद. रिमोटवरून 'बंद' आलं तर कोड आधी दिवा खरंच चालू आहे का बघतो आणि मगच रिले पालटतो. हे नसतं तर टू-वे आणि रिमोट यांची जोडी जमलीच नसती.

आता रिमोट. चार बटणांचे लर्निंग कोडवाले, आत ईव्ही१५२७ चिप. यात २० बिटांचा त्या रिमोटचा स्वतःचा नंबर आणि ४ बिट बटणांचे, असे २४ बिट जातात आणि बटण दाबून धरलं की तेच परत परत जात राहतं. त्यामुळे टॉगल (एकाच बटणाने चालू आणि बंद) केलं तर एका दाबात दिवा चालू-बंद-चालू होतो, म्हणून एक कोड आला की पुढे साधारण पाऊण सेकंद तोच कोड सोडून द्यायचा. पण माझं मत असं की टॉगल ठेवूच नये, चालूला वेगळं बटण आणि बंदला वेगळं. रिमोटला उलट उत्तर येत नाही, सिग्नल फक्त एका बाजूने जातो, मग दुसऱ्या खोलीतल्या दिव्याचं 'बंद' दोनदा दाबलं तरी तो बंदच राहिला पाहिजे. हा प्रश्न जुनाच आहे, १९७५ मध्ये स्कॉटलंडच्या पिको इलेक्ट्रॉनिक्सने घरातल्या वायरींवरूनच सिग्नल पाठवणारी एक्स१० सिस्टिम काढली, त्यातल्या साध्या मॉड्यूलनाही दिवा लागला की नाही हे परत सांगता येत नव्हतं.

रिसीव्हरबद्दल मात्र ठासून सांगतो, त्या स्वस्त सुपररीजनरेटिव्ह रिसीव्हरवर वेळ घालवू नका. टेबलावर तो छान चालतो पण एक भिंत मध्ये आली की गोंधळ, आणि सिग्नल नसतानाही आउटपुटला सतत कचरा. सुपरहेट्रोडाइन घ्या, मी आरएक्सबी६ वापरलाय. तो ५ व्होल्टवर चालवला तर डेटा पिन थेट ईएसपी८२६६ ला देऊ नका, रेझिस्टर डिव्हायडरने ३.३ पर्यंत खाली आणा. अँटेना म्हणून १७.३ सेंटीमीटर सरळ वायर, ४३३.९२ मेगाहर्ट्झची पाव तरंगलांबी तेवढीच येते. आणि आमच्याकडे कन्सिल्ड बोर्डांचे बॉक्स पत्र्याचे आहेत, त्यात अँटेना ठेवली तर रेंज निम्म्याहून कमी होते, म्हणून वायर प्लॅस्टिकच्या फ्रेमच्या मागून बाहेर काढून पट्टीत लपवली. मागच्या दाराशी जुना लाकडी बोर्ड आहे, तिथे काहीच करावं लागलं नाही. २३० चे ५ व्होल्ट करणारा छोटा हायलिंक मॉड्यूल रिसीव्हरच्या अगदी शेजारी ठेवला की नॉइज येतो, तो दुसऱ्या कोपऱ्यात आणि रिसीव्हरच्या सप्लायवर १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, मग शांत.

सॉफ्टवेअर ईएसपीहोमवर (ईएसपीसाठीचं तयार सॉफ्टवेअर) आहे. रिमोट रिसीव्हर चालू करून डंप लावला की लॉगमध्ये प्रत्येक बटणाचा कोड दिसतो, तो उचलून बायनरी सेन्सर करायचा. टॉलरन्स ५० टक्के केल्यावर लांबून दाबलेलं बटणही पकडतं. रिलेसाठी ४, ५, १२, १३, १४ या पिना निवांत आहेत. ०, २ आणि १५ बूटच्या वेळी ठरावीक पातळीवर लागतात आणि १६ बूट होताना हाय होते, तिथे रिले लावला तर वीज आल्यावर उगाच टक्क होतं.

सगळ्यात जास्त मजा आणि डोकं पंख्याला लागलं. ट्रायॅकच्या डिमरने (विजेची लाट कापून वेग कमी करणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर) पंखा हुंकारतो, आजीला त्या आवाजाने झोप लागत नाही, म्हणून कपॅसिटरच. २.२ आणि ३.३ मायक्रोफॅरडचे दोन, तीन रिले. एक, दुसरा, दोन्ही मिळून ५.५, आणि थेट, असे चार वेग. प्रत्येक कपॅसिटरवर २२० किलोओहमचा रेझिस्टर म्हणजे चार्ज उतरतो आणि सिरीजमध्ये २.२ ओहम, नाहीतर भरलेला कपॅसिटर जोडताना ठिणगी पडून रिलेचे काँटॅक्ट चिकटतात. वेग बदलताना आधी सगळे रिले सोडायचे, अर्धा सेकंद थांबायचं, मग नवा लावायचा. इथेही अट तीच, म्हणून जुना रेग्युलेटर तसाच ठेवून बाजूला एक सिलेक्टर दिलाय, तो फिरवला की पंखा पूर्ण जुन्या पद्धतीवर.

स्नबर म्हणजे काँटॅक्टवरची ठिणगी दाबणारी जोडी, १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स२ कपॅसिटर, हा पंख्याच्या रिलेवर हवाच, पण एलईडी दिव्याच्या रिलेवर काँटॅक्टला समांतर लावू नका. ५० हर्ट्झला त्यातून साधारण ७ मिलिअँपिअर गळतो आणि बंद केलेला दिवा रात्रभर मिणमिणतो किंवा मध्येच लुकलुकतो.

मागच्या दाराच्या बोर्डात न्यूट्रल नव्हता, तो शेजारच्या प्लगच्या बोर्डातून ओढला. दोन्ही एकाच सर्किटवर आहेत हे आधी तपासलं, कारण दुसऱ्या सर्किटचा न्यूट्रल घेतला तर आरसीसीबी (करंटची गळती दिसली की वीज तोडणारा स्विच) उडतो. काम करताना एमसीबी खाली आणि टेस्टरने खात्री, ही सवय कोणीही सोडू नये. आणि हे रिमोट फक्त दिवे-पंख्यांपुरतेच ठेवा. ईव्ही१५२७ चा कोड कधी बदलत नाही, जवळून कोणी पकडला तर तोच परत पाठवता येतो, दाराला किंवा गेटला रोलिंग (दर वेळी बदलणाऱ्या) कोडवालाच हवा.

आजी आता रात्री पलंगावरूनच बाथरूमकडे जायच्या वाटेवरचा दिवा लावते. गुडघे दुखतात तिचे, अंधारात बोर्डापर्यंत जायचं ती टाळायची. रिमोटच्या 'चालू'वर मी लाल रेडियमची टिकली लावलीय, बोटाला लागते आणि थोडी चमकतेही.

पुढच्या टप्प्यात टाकीची मोटर. ती १ एचपीची, सुरू होताना चालू करंटच्या कितीतरी पट ओढते, त्यामुळे १० अँपिअरचा छोटा रिले तिथे चालणार नाही, रिलेने काँटॅक्टर (जास्त करंटसाठीचा मोठा रिले) चालवायचा आणि ओव्हरलोड वेगळा. गिझरचंही तसंच, ३ किलोवॅट म्हणजे १३ अँपिअर.

दुसरं म्हणजे साध्या रिलेऐवजी लॅचिंग रिले बसवायचा विचार आहे. ५ व्होल्टचा रिले ओढून धरायला साधारण ७० मिलिअँपिअर सतत खातो, शिवाय टू-वेमध्ये लाइट जाऊन आली की रिले सुटलेला असतो आणि बंद केलेला दिवा आपोआप लागू शकतो. सध्या बूट झाल्यावर ऑप्टो बघून कोड तो बंद करतो पण क्षणभर लागतोच. लॅचिंगला वीज गेली तरी जागा सुटत नाही. कोणी दोन कॉइलचा लॅचिंग रिले तीन मॉड्यूलच्या बॉक्समध्ये बसवला असेल तर ड्रायव्हर कुठला वापरला आणि खोली पुरली का ते नक्की सांगा, माझ्या पत्र्याच्या बॉक्सची खोली जेमतेम ५० मिलिमीटर आहे.