अण्णांच्या फाईलमध्ये सगळं होतं, फक्त डॉक्टरचा दाखला कोण देणार ते नव्हतं (माझा अनुभव, पुणे)

मागच्या वर्षी आमचे अण्णा गेले. वय ८४, घरीच, पहाटे साडेतीनला. हार्टचा त्रास होता, सात-आठ महिने अंथरुणावरच होते, त्यामुळे आमच्या मनाची तयारी होती आणि त्यांची तर आमच्याआधीच झाली होती. एक निळी फाईल करून ठेवलेली त्यांनी. मृत्युपत्र, आधारची झेरॉक्स, कुणाला फोन करायचे ती यादी, नेत्रदान करा, वैकुंठ स्मशानभूमीत विद्युतदाहिनीत न्या, तेरावं घालू नका. तिरडीचं सामान कुठल्या दुकानातून आणायचं तेसुद्धा लिहिलेलं.

नेत्रपेढीला लगेच फोन केला. त्यांनी सांगितलं पंखा बंद करा, पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या, ६ तासांच्या आत डोळे काढावे लागतात, आम्ही घरी येतो, डॉक्टरचा दाखला तेवढा तयार ठेवा.

इथेच आम्ही अडकलो. आमचे फॅमिली डॉक्टर गावी गेलेले, फोन बंद. जवळच्या हॉस्पिटलला फोन केला तर म्हणे आमचा डॉक्टर घरी येणार नाही, तुम्ही बॉडी इकडे आणा, पण आणलीत तर 'मृतावस्थेत आणले' अशी नोंद होईल, पोलिसांना कळवावं लागेल, मग पोस्टमार्टेम. ८४ वर्षांचा माणूस, सगळे रिपोर्ट घरात, आणि पोस्टमार्टेम कशासाठी? ताई तर रडायचीच थांबली ते ऐकून. मग चौकातल्या एका डॉक्टरांचं दार वाजवलं, ते म्हणाले मी यांना कधी तपासलंच नाही तर सही कशी करू. खरं सांगायचं तर त्यांचं बरोबरच होतं, पण त्या वेळी माझं डोकं फिरलं. तिसऱ्याने फोनवरच आकडा सांगितला, २,००० रुपये, न बघता लिहून देतो म्हणाला. त्याचा राग मला अजून जात नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात स्पष्ट आहे की शेवटच्या आजारात ज्या डॉक्टरने उपचार केले त्याने मृत्यूच्या कारणाचा दाखला लगेच द्यायचा आणि त्याची फी घ्यायची नाही. घरी मृत्यू झाला तर तो नमुना ४अ वर असतो. हे मला नंतर कळलं, त्या पहाटे काहीच माहीत नव्हतं, नुसता घड्याळाकडे बघत होतो. साडेसहा वाजले तरी हातात कागद नाही.

शेवटी वाट दाखवली ती सामानाच्या दुकानदारांनी. वडील, दोन मुलं, सूनबाई असं घरचंच दुकान आहे, पहाटे पण शटर अर्धं उघडं असतं. मी कळक, कामट्या, सुतळी, मडकं, गवऱ्या, पांढरं कापड सांगायला गेलो तर काका म्हणाले, "सामानाचं बघतो मी, आधी दाखला झाला का? त्याच्याशिवाय स्मशानात घेत नाहीत." मी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, हार्टच्या गोळ्या कोण लिहून देत होतं? आणि माझी ट्यूब पेटली. हार्टच्या डॉक्टरांचे असिस्टंट डॉक्टर तीन आठवड्यांपूर्वीच घरी तपासून गेले होते! त्यांना फोन केला, ते आठला आले, नाडी बघितली, डोळ्यांत टॉर्च मारला, जुने कागद वाचले आणि दाखला लिहिला. पैसे घेतले नाहीत. पावणेनऊला नेत्रपेढीची टीम आली, वीस मिनिटांत झालं, चेहरा होता तसाच. अण्णांचा शब्द राहिला याचं मला फार समाधान आहे.

पुढे काहीच अडलं नाही. काकांच्या मुलाने घरी येऊन तिरडी बांधून दिली, आमच्यात कुणालाच येत नव्हती. अकराला वैकुंठात होतो.

तर ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आजारी आहे त्यांनी डॉक्टरांना आत्ताच तोंडावर विचारा, रात्री-अपरात्री झालं तर दाखला तुम्ही द्याल का, तुम्ही नसाल तर कोण देईल. विचारायला जड जातं, मलाही गेलं. आणि अधूनमधून त्यांना घरी बोलावून तपासून घ्या, नुसत्या फोनवर गोळ्या बदलू नका, कारण ज्याने बघितलंय तोच सही करणार. शेवटची फाईल, ईसीजी, डिस्चार्ज कार्ड एका पिशवीत ठेवा. हो, दाखल्यावर नाव आधारवर आहे तसंच लिहून घ्या, आमच्याकडे घाईत अण्णांच्या वडिलांचं नाव राहत होतं, ताईच्या लक्षात आलं म्हणून वाचलो. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. नोंदीनंतर मिळणाऱ्या मृत्यूच्या सर्टिफिकेटच्या कॉपी जास्त काढा, बँक, पेन्शन, विमा, सोसायटी सगळे मागतात.

आईची फाईल आता मी केली आहे. पहिल्याच पानावर दोन डॉक्टरांचे नंबर आहेत, दोघांना विचारून लिहिलेले.