काळी तीन

गुरुवार, रात्री

आज भजनी मंडळात पेटीवर बसलेल्या वहिनींना सांगून टाकलं, "माझ्या अभंगाला काळी तीन द्या." म्हणजे तिसऱ्या काळ्या पट्टीला सा धरून, नेहमीपेक्षा खालच्या सुरात.

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "एवढी खाली? मागे धरणाऱ्या बायकांचं काय?"

"त्या धरतील. मी याच्यापेक्षा वर नाही गाणार."

पेटी काळी तीनवर आली आणि मी गायले. माझ्यासारख्या भिडस्त बाईच्या तोंडून हे निघालं कसं, याचंच अजून नवल वाटतंय. बाड्यावरच्या बाजारात भाव करायला मला नणंद सोबत लागते.

त्यात हे ग्वाल्हेर! इथल्या लश्कर भागातल्या मराठी घरांत हस्सू-हद्दू खाँ, शंकर पंडित, कृष्णराव पंडित या गवयांची नावं नात्यातल्या वडीलधाऱ्यांसारखी घेतात. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी इथलीच गायकी महाराष्ट्रात नेली, हे आमच्याकडे पाहुण्यांना चहाआधी ऐकवतात. तानसेनाच्या कबरीजवळच्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो म्हणतात, म्हणून मलाही लहानपणी चारला होता. दात आंबले, बस. अशा गावात साधारण गळ्याच्या बाईनं तोंड उघडायचं म्हणजे धाडसच.

वहिनींचा आवाज उंच, म्हणून मंडळ कायम काळी पाचवर. पन्नाशी उलटल्यावर माझा तार षड्ज, म्हणजे वरचा सा, चिरकायला लागला. रियाज कमी पडतो म्हणून पहाटे उठले, ज्येष्ठमध चघळला. आत्मविश्वासावरचं एक पुस्तकही आणलं. आरशासमोर उभं राहून 'मला जमतं' म्हणा, असं त्यात होतं. मी रोज म्हणायचे. आरशाचं काय, तो कुणाचंही ऐकून घेतो.

मग भाचीनं मोबाईलवर माझं गाणं रेकॉर्ड केलं. हा आवाज माझा? इतका पातळ? ती म्हणाली, सगळ्यांना असंच वाटतं. आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो तसा कवटीच्या हाडांतूनही येतो, म्हणून आतून भरदार वाटतो. म्हणजे इतकी वर्षं मी जो ऐकत होते तो माझ्याशिवाय कुणी ऐकलेलाच नाही!

पहिला धक्का ओसरल्यावर दुसऱ्या कुणाचं गाणं ऐकावं तसं ऐकत बसले. वहीत लिहिलं: मंद्रातला, म्हणजे खालच्या सप्तकातला, पंचम भक्कम. मध्यमापर्यंत आवाज रुंद, त्याच्यावर जोर लावते. श्वास शब्दाच्या मध्येच संपतो. घशाच्या डॉक्टरांनाही दाखवलं. पाळी गेल्यावर संप्रेरकं बदलतात, स्वरतंतू जाड होऊन आवाज खाली येऊ शकतो, म्हणाले. म्हणजे आळस नव्हता. गायिका गंगूबाई हनगलांचा गळाही घशाच्या उपचारानंतर जड झाला होता. त्याच आवाजात त्या पुढे जन्मभर गायल्या. त्यांच्याशी बरोबरी नाही, पण आधार वाटला.

बायका 'छान गाता हो' म्हणायच्या, त्यानं घाबरणं काही कमी होत नव्हतं. गळा नेमका कुठे दगा देणार हे ठाऊक नसायचं, म्हणून पहिल्या ओळीपासूनच छाती धडधडायची. आता ती जागा माहीत आहे. तिथे जातच नाही, तिच्या अलीकडूनच वळण घेते. आज तर एक तान मनासारखी लांबवलीसुद्धा.

भिशीचंही तसंच करून टाकलं. हिशोब माझ्याकडे नको, फोन करून सगळ्यांना गोळा करायचं काम द्या, म्हटलं. बाजारात मात्र अजून नणंद लागते, ते काही सुटलेलं नाही.

निघताना वहिनींनी जिन्यात गाठलं. हळूच म्हणाल्या, "पुढच्या वेळी मलाही काळी चार देऊन बघू. हल्ली वर ओढावं लागतं. आताच कुणाला सांगू नका."

म्हटलं, "आधी रेकॉर्ड करून ऐका. आणि एकट्या असाल तेव्हाच ऐका."